ओला टप मिटायचा नाही

पाणी सीटच्या गादीवर आलं तेव्हा आम्ही मागे तिघी होतो आणि दोन्ही बाजूंचे पडदे बाहेरून दोरीने आवळलेले होते. मोटारीचं पुढचं चाक सीना नदीच्या वाळूत एका खड्ड्यात गेलं होतं. नाक खाली, ढुंगण वर, अशी मोटार उभी. पुढे चालकाच्या बाजूला पडदा नव्हता. तिथून लाल गढूळ पाणी घुसत होतं, त्यामुळे पुढून उतरायची सोय राहिली नव्हती. पुढे बसलेला धनगर सीटवरून पाय टाकून मागे आमच्यात आला. माझे मालक बाहेर कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून पडद्याची दोरी सोडत होते. सासूबाई माझ्या शेजारी होत्या. मुलगी माझ्या कडेवर होती. तिला नुकतं चालता येऊ लागलं होतं.

तिला तिथून बाहेर काढायचं, एवढंच डोक्यात होतं. डोक्यावर टप होता आणि तो मी शिवलेला होता.

टप म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आताच्या मोटारींना पत्र्याचं डोकं असतं. आमच्या मोटारीला कापडाचं होतं. लाकडाच्या चार कमानी, त्यांना लोखंडी हात, त्यावर ताणलेलं तंबूचं कापड. मागच्या बाजूला तो मिटून पडायचा आणि पुढे ओढला की काचेच्या चौकटीला दोन खिट्ट्यांनी बाहेरून बसायचा. लोक म्हणत, छत्रीसारखा आहे. छत्री एका हाताने मिटते. याला दोन माणसं लागत आणि त्यातली एक मी असे. सांध्यात बोट सापडलं तर नख जायचं. माझं एक गेलं. परत आलं ते वाकडं आलं.

मोटार कुण्या साहेबाने वापरून काढून टाकलेली. चाकं उंच होती म्हणून मालकांनी घेतली. सोलापुरातून सीनेपलीकडच्या गावांना ते सर्व्हिस चालवत. रस्ता म्हणजे बैलगाडीची चाकोरी. काळ्या रानातून, ओढ्यातून, जिथून बैल जाईल तिथून ही जायची. सडकेवर इतर मोटारी होत्या. या वाटेला आमचीच होती.

दुपारी टप वर असला की आत भाकरी शेकावी असं कापड तापायचं. तरी टप हवाच, नाहीतर डोकं फुटायचं. पण गावाची वेस दिसली की माणसांचं सुरू व्हायचं.

"डायवर, टप पाडा की."

"का वो? ऊन हाय की लई."

"आसू द्या ऊन. मोटारीतनं आलो हे दिसाया नगं व्हय?"

मग मालक थांबत, टप पाडत, आणि पाच माणसं मुंडासं सारखं करून ताठ बसून गावात शिरत. गाव संपलं की परत चढवा. बायका असल्या की उलटं. टप चढवा, पडदे लावा, वारा नाही आला तरी चालेल पण कुणाची नजर नको. पडद्यांची पितळी बटणं खाचखळग्यांत एकेक करून गळून गेली आणि तशी दुसरी मिळेनात. मी कापडाला भोकं पाडून कड्या शिवल्या आणि दोरी ओवली. आतून बांधली तर लोकांची पोरं ती सोडत बसत, म्हणून बाहेरून बांधायची. हे सगळ्यांना पटलेलं होतं.

पहिला टप मी शिवलेला नव्हता, मोटारीबरोबर आलेला होता. तो एका लग्नात गेला. वरातीला मोटार मागितली, वाटेत सर आली, आणि नवरा-नवरी दिसावेत म्हणून वऱ्हाड्यांनी ओलाच टप मिटून ठेवला. तो तसाच पडून राहिला. घरी आल्यावर उघडला तर घड्या काळ्या पडलेल्या, बुरशीचा वास, आणि बोट लावलं की आरपार. मालक त्या दिवशी जेवले नाहीत. तसे ते कशाचा नेम पाळणारे नव्हते, एकादशीला कांदा खात. पण ओला टप मिटायचा नाही, हा नेम त्या दिवसापासून घरात लागला. कुणी कितीही सांगो, मग तो पाटील असो की मामलेदार, ते एकच वाक्य बोलत, "टप वला हाय," आणि त्यापुढे बोलणं संपे. पावसातून घरी आले की मोटार अंगणात टप वर ठेवूनच उभी करत. फळीवर चढून माझ्या जुन्या लुगड्याने टप पुसत. तो पुसून झाला की मग स्वतःचं डोकं.

नवा टप मी चैत्रात अंगणात बसून शिवला. गिरणीतलं तंबूचं कापड, दाभण आणि मेणाचा दोरा. शिवण सगळीकडे दुहेरी घातली. शेजारच्या घरात माग होता, ते लोक आपसात तेलुगू बोलत. ती बाई येऊन कापड चिमटीत धरून म्हणाली, "एवढं जाड! हे विणलं कोण, राक्षस?"

सासूबाई आतून म्हणाल्या, "राक्षसच ल्यायाचा हाय त्ये. लेकीला टोपडं शिवाया हिला येळ न्हाय, आन मोटारीला आंगडं शिवती."

शिवून झाल्यावर करडईचं तेल आटवून, त्यात मेण घालून दोन्ही बाजूंनी चोळलं. विहिरीच्या मोटेला लावतात तसंच. पाणी आत यायचं बंद झालं. वास मात्र गेला नाही. लोक विचारत, "डायवर, मोटार हाय का भज्याची कढई?" तेलाला उंदीर आले, उंदरांसाठी मांजर पाळलं, आणि मांजर मिटलेल्या टपात व्यालं. सासूबाईंनी पिलांना हात लावू दिला नाही. त्या दिवशी गिऱ्हाईकं बिनटपाची उन्हातून गेली आणि परत आल्यावर आम्हाला शिव्या दिल्या.

असं ते आमचं टपाबरोबरचं जगणं. मला त्याचं प्रेम नव्हतं. घरात म्हैस असली की तिचं करावं लागतं, तसं त्याचं करावं लागे.

त्या दिवशी भादव्याची भुरभुर होती. सासूबाईंच्या भावाच्या घरी बारसं होतं, नदीपलीकडे. मालक म्हणाले, सर्व्हिस जातेच आहे, तुम्ही दोघी बसा. वाटेवर आमच्या ओळखीचा एक धनगर मिळाला, म्हातारा, पण काठीसारखा. सोलापूरच्या बाजारात घोंगडी विकून आणि लोकर कातरायच्या कात्रीला धार लावून तो निघाला होता. मोटारीत तो पहिल्यांदाच बसत होता. सासूबाईंनी त्याला वाटभर सोडलं नाही.

"मामा, आता मेंढरं वळखायची न्हाईत तुमास्नी. म्हनतील, ह्यो कोन सायेब आला?"

"तुमी सांगू नगा म्हंजे झालं, आजी."

"आन ह्यो टप बघितलासा का? सुनंनं शिवलाय माज्या. माजी चोळी उसवलीया ती तशीच हाय."

धनगराने मान वर करून टप बघितला आणि म्हणाला, "घोंगडं बरं व्हतं की वो ह्याच्यापरास." मालक हसले. गाडी चालवताना ते सहसा हसत नसत.

नदीच्या उताराला, गाड्या पलीकडे जातात तिथे, पाणी पोटरीएवढं होतं. नेहमीचंच. मालकांनी खाली उतरून काठीने वाळू चाचपून बघितली, मग गाडी घातली. पाऊस वर कुठेतरी झाला होता, नगरच्या बाजूला म्हणतात. आमच्याकडे नुसती भुरभुर. लोंढा येतो तेव्हा आधी आवाज येतो, हे मी लहानपणापासून ऐकलं आहे. आम्हाला आला नाही. इंजिन चालू होतं.

मधोमध चाक खड्ड्यात गेलं. इंजिन बंद पडलं. मालक हँडल मारायला उतरले तोवर हँडल पाण्याखाली गेलेलं. पाणी डोळ्यांदेखत वाढत होतं. ते प्रवाहाकडची बाजू सोडून गाडीच्या आडोशाच्या बाजूला आले, जिथे पाण्याचा जोर कमी होता, आणि पडद्याची दोरी सोडायला लागले. दोरी सुताची. भिजून फुगली होती. एक गाठ सुटली, दुसरी सुटेना.

धनगर आतून ओरडला, "डायवर, टप पाडा की! वरनं काडू समद्यास्नी!"

"वला हाय!"

"आँ?"

"टप वला हाय! थांबा, दोरी सुटतीच आता."

खिट्ट्या त्यांच्या हातापासून लांब नव्हत्या. दोन पावलं पुढे गेले असते तर पोचले असते. हे त्यांनी विचार करून म्हटलं असं मला वाटत नाही. ते वाक्य तोंडात बसलेलं होतं, ते बाहेर आलं. पाणी माझ्या मांडीवर आलं होतं आणि मुलगी गप्प झाली होती. आधी रडत होती तेच बरं होतं.

मी ओरडले, "अवो, पाडा तो टप!"

पडद्याला बघण्यापुरता पारदर्शक तुकडा शिवलेला होता, जुना होऊन पिवळा पडलेला; त्यातून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि परत गाठीला लागले.

धनगराने कमरेची कात्री काढली. काढली आणि थांबला. "आक्का, कापू का?"

सासूबाई म्हणाल्या, "आरं इच्चारतूस काय मुडद्या, काप!"

मी म्हणाले, "शिवनीवर नगं. दुहेरी हाय, लवकर तुटायची न्हाय. मदी काप."

त्याने दोन कमानींच्या मध्ये कात्री घुसवली आणि मेंढरू कातरावं तसं कापड कातरत नेलं. मालकांनी तो आवाज ऐकला. बाहेरून म्हणाले, "आरं आरं, नवा हाय त्यो!"

धनगर आधी वर गेला आणि कमानीवर पोटावर आडवा झाला. मी मुलगी दिली. त्याने तिला काखेत धरलं. मग सासूबाई. त्या अंगाने जाड, लुगडं कमानीला अडकलं, आणि बारशाच्या झबल्याची पिशवी सोडायला तयार नव्हत्या. मी खालून खांदा लावून त्यांना ढकललं. आयुष्यात एवढा हात मी त्यांना कधी लावला नव्हता. मग मी निघाले. गाडीचं मागचं टोक पाण्याबाहेर होतं, तिथे आम्ही चौघं एकमेकांना धरून बसलो. मुलीच्या पाठीत धनगराने थाप मारली तशी ती परत रडायला लागली.

मालकांनी तेव्हा कुठे दोरी सोडून दिली. वर बघितलं. आम्ही सगळे दिसलो. म्हणाले, "फाडलासा की. आता काय पाडायचा ऱ्हायला." रागाने नाही म्हणाले. मग त्यांनी दाराला हात घातला, वर चढायला.

तेवढ्यात दुसरा लोंढा आला. पुढचं चाक वाळूत रुतलेलं होतं, ते जागचं हललं नाही. मागची बाजू मात्र उचलली गेली आणि गाडी त्या चाकाभोवती गोल फिरली. फिरली ती आडोशाकडे. तिथे ते उभे होते. आमच्या हातातल्या कमानी तुटल्या नाहीत, म्हणून आम्ही पडलो नाही. ते गाडीच्या पलीकडे एकदा वर आलेले मला दिसले. डोकं आणि एक हात. सासूबाईंनी त्यांना लहानपणच्या नावाने हाक मारली. ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं.

पलीकडच्या काठावरची माणसं मोटेचा नाडा आणि भोपळ्यांची सांगड घेऊन धावली होती. पोहणारे दोघं नाडा कमरेला बांधून आमच्यापर्यंत आले. मुलीला भोपळ्यांवर बांधून आधी नेलं, मग एकेक करून आम्हाला. काठावर कुणीतरी चूल पेटवली. धनगराने आपलं एक न विकलेलं घोंगडं पाठीला बांधलेलं होतं. ते भिजून दगड झालं होतं. तरी त्याने ते पिळून मुलीभोवती गुंडाळलं. भिजलेली लोकरसुद्धा थोडी ऊब देते.

पाणी उतरल्यावर मालक खालच्या गावाच्या बाभळींत सापडले.

लोकांनी पुढे बरंच म्हटलं. कुणी म्हणालं, कापडापायी गेला. कुणी म्हणालं, बायकोने पडदे बाहेरून बांधले म्हणून झालं. सासूबाई तसं म्हणणाऱ्यांना दारातून हाकलत, आणि मला त्या त्याबद्दल कधी काही बोलल्या नाहीत. मला विचाराल तर ते ज्या बाजूला उभे होते, त्या बाजूला गाडी फिरली. दुसरीकडे फिरली असती तर ते दार धरून वर आले असते आणि फाटलेल्या टपावरून महिनाभर माझ्याशी भांडले असते.

आम्ही पाच जण होतो. मुलगी, सासूबाई, धनगर आणि मी वाचलो. मालक वाचले नाहीत.