पथ्य न पाळणारं लोखंड

काटेदुरुस्तीच्या कारखान्यात तिला सगळे मिलिग्राम म्हणत. कारखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक पोटमाळा, पण पाटी रंगवून घेताना मालकांनी हात आखडता घेतला नव्हता. पुढच्या खोलीत दुकानदारांचे बिघडलेले काटे येत. मागच्या खोलीत दारं-खिडक्या लावून ती बसे, कारण वाऱ्याची झुळूकही पारड्यात आपलं वजन टाकून जाते. समोर लाकडी पेटी, पेटीत मखमल, मखमलीत प्रमाण वजनं. ती चिमट्यानेच उचलायची, कारण बोटांचा घामसुद्धा तोलात धरला जातो. बारा वर्षांत तिच्या हातून एकही वजन खाली पडलं नव्हतं.

मालकांचे नियम दोनच. तोल चुकला तर आधी काटा तपासायचा, माणसावर संशय नंतर. आणि एका वेळी एकच स्क्रू फिरवायचा. दोन फिरवले तर कशाने काय झालं हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

मिलिग्रामला चौदाव्या वर्षापासून मधुमेह होता, इंजेक्शनवरचा. आता ती तिशीत होती. दिवसातून चार वेळा बोट टोचायचं, आकडा वहीत उतरवायचा, त्याप्रमाणे इन्सुलिन घ्यायचं, असं सोळा वर्षं चाललेलं. वर्षाला एक, अशा सोळा वह्या कपाटात होत्या. गरोदरपणाचे नऊ महिने तिने दिवसाला आठ वेळा बोट टोचून काढले होते. मुलगी झाली, धडधाकट झाली, आणि तिने नवऱ्याला सांगितलं, "झालं. एवढंच." नवऱ्याने मान डोलावली. मान डोलावण्यात तो माणूस वाकबगार होता. आईसमोरही तो तितक्याच मनापासून डोलावत असे.

डॉक्टरांनी गर्भनिरोधक गोळ्या दिल्या. एकवीस दिवस रोज एक, मग सात दिवस सुट्टी. तिने त्या घड्याळ लावून घेतल्या. सहा महिन्यांनी ती तपासणीला गेली तेव्हा साखर वाढलेली निघाली. दवाखान्याच्या दारातल्या नव्या काट्यावर तिचं वजनही तीन किलोंनी वाढलेलं निघालं.

"खाण्यावरचा ताबा सुटलाय," डॉक्टर फाइलकडे बघत म्हणाले. माणूस सज्जन होता, फक्त बाईपेक्षा फाइलशी जास्त बोले.

"नाही सुटलेला."

सासूबाई आणि नवरा सोबत आले होते. "डॉक्टर, मी सांगू नये, पण," त्या म्हणाल्या. सांगू नये असं म्हणून सुरू केलेली गोष्ट माणूस कधी थोडक्यात सांगत नाही. घरातला साखरेचा डबा भराभर खाली जातो, त्यांनी बाहेरून पेन्सिलीने रेघ मारून पाहिली, रेघ वर आणि साखर खाली, आता घरात माणसं किती, मुलगी तर अजून एवढीशी.

डॉक्टरांनी फाइलमध्ये तीन शब्द लिहिले. पथ्य पाळत नाही. मग इन्सुलिन सहा युनिटांनी वाढवलं.

रिक्षात सासूबाई म्हणाल्या, "एवढी औषधं कशाला पोटात घालायची? गोळ्या सोड. दुसरं होऊ दे, म्हणजे प्रश्नच मिटला."

"कुणाचा?" मिलिग्रामने विचारलं. पुढचा रस्ताभर नवरा मान डोलवायची की नाही या विचारात होता.

तिला राग इन्सुलिनचा नव्हता. राग त्या तीन शब्दांचा होता. दुकानदाराचा तोल चुकला तर दोष काट्याचा, दुकानदार बिचारा भोळा. तिची साखर चुकली तर दोष तिचा, बाकी सगळं जग निर्दोष. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. त्यातून सगळे म्हणणार, ऐकत नाही तर गोळ्या काढून घ्या. आणि गोळ्या गेल्या की दुसरं मूल दार ठोठावायला मोकळं. तिला दोन्ही हवं होतं: साखर ताब्यात, आणि पोट तिच्या ताब्यात.

मग तिने नियमाप्रमाणे काम सुरू केलं.

आधी काटा. ग्लुकोमीटरचा आकडा तिने एकाच सकाळी प्रयोगशाळेच्या आकड्याशी ताडून पाहिला. दोघांत फारसा फरक नव्हता. मग खाणं. महिनाभर ताटात पडणारा प्रत्येक पदार्थ तिने तोलून घेतला. घरचा स्वयंपाकाचा काटा तिने आधी दुरुस्त केला, हे सांगायला नको. त्याच काट्यावर रोज सकाळी साखरेचा डबाही चढू लागला.

"डबा कशाला तोलतेस?" नवऱ्याने विचारलं.

"पेन्सिलीची रेघ हे माप नाही," ती म्हणाली. "ते मत आहे."

खाणं महिनाभर तेच होतं. साखर तशी नव्हती. तिसऱ्या आठवड्यानंतर, गोळ्यांची सुट्टी लागल्यावर, एका दुपारी मागच्या खोलीत तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. दोन ग्रॅमचं वजन चिमट्यातून सुटून फरशीवर टणटणत गेलं.

आवाज ऐकून मालक आत आले. त्यांनी आधी वजनाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि मग त्यांना आपल्या क्रमाची लाज वाटली. तिने खिशातली ग्लुकोजची पुडी तोंडात रिकामी केली, बोट टोचलं. साखर बावन्नवर घसरली होती.

"घरी जा," मालक म्हणाले.

"पंधरा मिनिटांनी परत टोचते, मग बघू. तोवर ते वजन वेगळं ठेवा. पडलंय, ते आता तपासल्याशिवाय वापरायचं नाही."

"तू पण तशीच आहेस," मालक पुटपुटले. त्यांच्या तोंडून याहून माया कधी बाहेर पडलेली कुणी ऐकली नव्हती.

त्या संध्याकाळी तिने वह्या पसरल्या. गोळ्यांआधीच्या दोन वर्षांत सकाळची साखर एकशे दहा, एकशे वीस. गोळ्या सुरू झाल्यावर तीन आठवडे एकशे साठ-सत्तर, आणि सुट्टीच्या आठवड्यात पुन्हा एकशे वीसच्या आसपास. दर महिन्याला तसंच. डॉक्टरांनी वाढवलेले सहा युनिट गोळ्यांच्या दिवसांना पुरत होते. सुट्टीच्या दिवसांत तेच तिला खड्ड्यात ढकलत होते. म्हणजे कुणीतरी दुसरा स्क्रू फिरवला होता आणि पहिला, गोळ्यांचा, कुणी बघितलाच नव्हता.

पुढच्या तपासणीला ती वही घेऊन गेली. नवऱ्याच्या हातात एक जड पिशवी होती. सासूबाई साक्षीदार म्हणून होत्याच.

दारातल्या काट्यावर नर्सबाईंनी तिला चढायला सांगितलं.

"आधी हा चढेल," मिलिग्राम म्हणाली. नवरा पुढे झाला. "तू नाही. पिशवीतला."

पिशवीतून वीस किलोचं लोखंडी प्रमाण वजन निघालं, वर कडी, अंगावर सरकारी शिक्का. मालकांनी ते स्वतः पुसून दिलं होतं. नवऱ्याने ते काट्यावर ठेवलं. काट्याने एकवीस किलो दाखवले.

गलका ऐकून डॉक्टर बाहेर आले.

"डॉक्टर," मिलिग्राम म्हणाली, "याचाही खाण्यावरचा ताबा सुटलाय. यालाही लिहा, पथ्य पाळत नाही."

बाकावरचे एक आजोबा आधी हसले, मग आपलंही वजन याच काट्यावर झालंय हे आठवून गंभीर झाले. विसावर एक जास्त, म्हणजे तिच्या छप्पन्नावर जवळजवळ तीन. या सगळ्या महिन्यांत तिने एक घासही वाढवलेला नव्हता. वाढला होता काटा.

आत गेल्यावर डॉक्टरांनी पहिल्यांदा फाइल बाजूला ठेवली आणि वही उघडली. बराच वेळ उलटून पाहिली.

"गोळीने साखरेत सहसा इतका फरक पडत नाही," ते म्हणाले.

"सहसा म्हणजे कुणाच्यात?"

"बऱ्याच जणींच्यात."

"त्यांच्यात मी आहे का, तेवढंच बघायला आलेय."

त्यांनी पुन्हा वहीत बघितलं आणि यावेळी नीट समजावून सांगितलं. गोळीत संप्रेरकं असतात. काही जणींमध्ये त्यांच्यामुळे इन्सुलिन नीट चालत नाही आणि साखर चढते. कुणाला जाणवतही नाही, कुणाला बरंच जाणवतं. ते कोणतं संप्रेरक, किती, आणि बाई कोण, यावर असतं. म्हणूनच गोळी सुरू केल्यावर पहिले काही महिने आकडे बारकाईने बघायला हवे होते. "ते मी बघायला हवं होतं," ते म्हणाले.

"मग गोळ्या बंदच करा," सासूबाई म्हणाल्या.

"बदल्यात काय, ते आधी ठरेल. मग बंद," मिलिग्राम म्हणाली.

डॉक्टरांनी तांबी, म्हणजे गर्भाशयात बसवायची कॉपर-टी, सुचवली. त्यात संप्रेरक नाही, साखरेच्या वाटेला जात नाही. पाळी सुरुवातीला जास्त जाईल, ते बघावं लागेल. गोळ्या थांबल्या की इन्सुलिन जुन्या मात्रेवर, आणि दर आठवड्याला आकडे कळवायचे. मिलिग्रामने चार प्रश्न विचारले, मग हो म्हणाली. नवऱ्याने मान डोलावली, आणि नवल म्हणजे यावेळी त्याने आईकडे पाहिलं नाही.

डॉक्टर शेवटच्या पानावर आले. "ही कसली वजनं? रोज एक. सोमवार-गुरुवार चाळीस-चाळीस ग्रॅम कमी?"

सोमवार आणि गुरुवार मिलिग्राम दिवसभर कारखान्यात असे, आणि सासूबाईंच्या दोन मैत्रिणी घरी चहाला येत.

सासूबाई भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचू लागल्या. फार लक्ष देऊन.

"ते घरचं आहे," मिलिग्राम म्हणाली. "तुमच्या फाइलचं नाही."

फाइलीतल्या तीन शब्दांवर डॉक्टरांनी आडवी रेघ मारली आणि ती उठण्याची वाट पाहिली. ती उठली नाही.

"आमच्याकडे खोडलं की शेजारी का खोडलं ते लिहायचं," ती म्हणाली. "सही, तारीख."

डॉक्टरांनी लिहिलं: साखर गोळ्यांमुळे चढत होती, रुग्णाने नोंदी ठेवून दाखवून दिलं. सही केली. तारीख टाकली.

बाहेर येऊन तिने काट्याचं मागचं झाकण उघडलं आणि एक स्क्रू, एकच, फिरवला. लोखंड चढलं, वीस. मग ती चढली. छप्पन्न.

"लिहा," ती नर्सबाईंना म्हणाली. "आणि यावर सरकारी शिक्का मारून घ्या. त्याशिवाय वजनावरून कुणाला काही बोलू नका."