मोडल्या गाडीचं खाचर

चैत्री पौर्णिमेला सकाळी मी पुण्याहून सायकलवर निघालो आणि उन्हं तापायच्या आत घोटावड्याच्या शिवारात पोचलो. मला तिथलं एक दान बघायचं होतं. पेशवाईत एका सरदारीणबाईंच्या गाडीचा आस या वाटेवर मोडला, तो इथल्या लोहाराने सांधून दिला. बाईंनी त्याला एक खाचर (भाताचं बांधलेलं शेत) लावून दिलं. अट एकच: घराण्याने दर वर्षी निदान एका अडल्या वाटसरूची गाडी नीट करावी.

पिंपळाखाली तीन पंच बसले होते. समोर भात्याशी त्याच घराण्यातले सखारामबुवा लोहार, रिकाम्या हाताने. दानाचं वर्ष आजच संपत होतं आणि यंदा एसटी सुरू झाल्यापासून वाटेवर कुणाची गाडी मोडलीच नव्हती. दिवस मावळला की खाचर जाणार होतं.

"ही घ्या माझी सायकल, काहीतरी ठोका," मी म्हणालो.

"धडधाकट हाय की ती!" म्हातारा भडकला. "न मोडलेलं नीट करून भात खाऊ व्हय?"

एका पंचाने विचारलं, "पाव्हणं, निघालाय कुटं?"

"इथंच आलोय."

"मंग तुमी वाटसरू न्हाई. पोचलेलं मानूस."

हे शास्त्र ऐकून मी कपाळावर हात मारला. तेवढ्यात म्हाताऱ्याच्या सुनेने मला पिठलं आणि तांदळाची भाकरी वाढली. तांदूळ त्याच खाचराचा. तो खाऊन नुसतं बघत बसणं मला जमेना. मी कासारसाईच्या वाटेला लागलो, म्हणजे वाटसरू झालो, आणि उतारावर सायकल सरळ दगडावर घातली. पहिल्यांदा मीच पडलो. दुसऱ्यांदाही मीच.

"डावीकडं घ्या, तितं लई मोठा धोंडा हाय!" बांधावरून गाव ओरडलं.

तिसऱ्यांदा पायडलचा दांडा वाकला आणि टाळ्या पडल्या.

"मुद्दाम मोडली की वो," एक पंच कुरकुरला.

"कशी मोडली, ह्ये दानाच्या कागदात न्हाई," दुसऱ्याने त्याला गप्प केलं.

सखारामबुवांनी दांडा लाल तापवला आणि ऐरणीवर घेतला. एकही घाव चुकला नाही. पंच उठले. "खाचर तुमचंच, बुवा." म्हातारा रडला. गुडघे फुटलेला मीही रडलो.

पुण्यात सायकलवाल्याने दांडा निरखून पाहिला. "कुणी केलाय हा? आता दगड फुटेल, दांडा वाकायचा नाही."

मला अभिमान वाटला आणि लगेच काळजी लागली. पुढच्या पौर्णिमेला मोडायचं काय?