बर्फी-जलेबीचं वजन

देवाने काळजी वाटायला काढली तेव्हा आमच्या वरच्या मजल्यावरचे सुभेदारकाका आपला वाटा घेऊन पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले असणार. फौजेत अठ्ठावीस वर्षं स्टोअर सांभाळलेला हा साताऱ्याचा माणूस आता मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये दोन गिनीपिग सांभाळतो. नात आईवडिलांबरोबर कॅनडाला गेली. जाताना रडत म्हणाली, "आजोबा, मी येईपर्यंत बर्फी-जलेबीला काही होऊ द्यायचं नाही हं!" आजोबा "बिल्कुल!" म्हणून बसले. झालं! तेव्हापासून या माणसाच्या जिवाला घोर.

सकाळी सहाला पिंजऱ्याची सफाई. कालचा चारा काढायचा, नवा पसरायचा, लेंड्या निरखायच्या. "आज जरा बारीक वाटतायत," हे ते मला जिन्यात गाठून सांगतात, मी जेवणाचा डबा घेऊन मेट्रोसाठी धावत असते तेव्हा! या जनावरांच्या अंगात सी जीवनसत्त्व तयार होत नाही, म्हणून रोज ढोबळी मिरची. भाजीवाला त्यांना लांबून बघूनच म्हणतो, "अंकल, ताज़ी है, कसम से," तरी काका देठ हुंगल्याशिवाय घेत नाहीत. उन्हाळ्यात लाईट गेली की पिंजरा उचलून आमच्याकडे हजर, कारण आमच्याकडे इन्व्हर्टर आहे. मग पंखा त्या दोघींवर आणि मी माझ्याच घरात घामाघूम. एकदा चिडून म्हटलं, "काका, उकडतं मलाही!" तर गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "ताई, तुम्हाला सांगता तरी येतं." कपाळ माझं!

पण खरी परेड रविवारी, वजनाची. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पातेलं, पातेल्यात एकेक गिनीपिग. शून्य करायचं बटण काट्याला आहे, पण काकांचा बटणावर भरवसा नाही. पातेल्याचं वजन त्यांना पाठ. ते मनातल्या मनात वजा करतात, वहीत लिहितात आणि नातीला कळवतात. जूनमधल्या एका रविवारी ते खाली आले ते पांढरेफटक पडून. "ताई, दोघीही आठवड्यात नव्वद-नव्वद ग्रॅम उतरल्या. पोरीला काय तोंड दाखवू?" मी विचारलं, "खातात ना?" "खातात हो! खाऊनही उतरतायत, तीच तर भीती!" दोघींना टोपलीत घालून, वर ओलं फडकं टाकून आम्ही रिक्षाने जनावरांच्या डॉक्टरकडे गेलो. वाटेत काकांचा हात टोपलीवर आणि तोंडाने अखंड रामनाम. मलाही धसकाच बसला होता. डॉक्टरांनी दात पाहिले, पोट चाचपलं, वजन केलं. गेल्या रविवारी होतं तेवढंच! "दोनों एकदम ठीक हैं, अंकल."

काकांच्या घरी येऊन काकूंना सांगितलं, तर त्या कैऱ्या किसता किसता म्हणाल्या, "अहो, तुमचं पातेलं मी गुळांब्याला घेतलं. तिथे दुसरं ठेवलंय, हलकं आहे ते." मी हसून हसून भिंतीला टेकले. काका मात्र हसले नाहीत. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "स्टोअरमध्ये कधी एक बोल्ट इकडचा तिकडे झाला नाही माझ्या हातून. आज पातेलं बदललेलं कळलं नाही. ताई, उद्या या खरंच उतरल्या आणि मला कळलंच नाही तर? पोर यायला अजून दोन वर्षं आहेत."

माझं हसू जागच्या जागी विरलं. फार वाईट वाटलं हो. त्या दिवसापासून दर रविवारी मी वर जाते. ते धरतात, मी आकडा मोठ्याने वाचते. नखंही मीच कापावीत असा त्यांचा आग्रह आहे. "घाई नको, आत लाल रेघ असते, तिच्या अलीकडे थांबायचं." परवा नातीला निरोप पाठवताना त्यांनी फोन मला वाचायला दिला. दोघींच्या वजनाखाली माझं नाव, माझा नंबर आणि पुढे एक ओळ होती, 'मी नसलो तर या काकूंना विचार.'

"काका, काहीतरीच काय!" असं मी ओरडले खरी. मग चष्मा पुसला आणि म्हटलं, ती लाल रेघ मला पुन्हा एकदा नीट दाखवा.