आज कोण पडणार?

बंदराकडून देवळाकडे चढणाऱ्या गल्लीत इसोएकाकूंचं दांगोचं दुकान आहे. तांदळाच्या पिठाचे उकडलेले गोळे काडीला चार-चार ओवायचे, निखाऱ्यावर भाजायचे, सोया-साखरेच्या दाट पाकात बुडवायचे आणि गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे, यातच त्यांचं आयुष्य गेलं. काकूंचं बोलणंही पाकासारखंच. एकदा सुरू झालं की तार तुटत नसे.

दर शरद ऋतूत गावाच्या सभागृहात लेखन मंडळाचं कथावाचन होई, आणि दर वर्षी काकू दाराबाहेर दांगो विकत उभ्या असत. आत लोक हसले की यांचे कान दाराच्या फटीला. शेवट ऐकायच्या आत कुणीतरी हमखास म्हणे, "काकू, दोन काड्या." अशा किती गोष्टींचे शेवट त्यांचे राहून गेले होते! सत्तरी उलटल्यावर त्यांनी मनाशी ठरवलं, एकदा तरी आत, मंचावर उभं राहायचं आणि आपल्या गोष्टीचा शेवट आपणच सांगायचा.

त्या मंडळात गेल्या. मंडळ चालवणाऱ्या कुरामोतोबाई, निवृत्त शिक्षिका, त्यांची पहिली गोष्ट ऐकून म्हणाल्या, "छान आहे हो. पण नुसती चालतच राहते. हिला 'तेन' नाही."

काकू तडक जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेल्या आणि कथा कशी रचावी हे शिकवणारं एक पुस्तक घेऊन आल्या. त्यात गोष्टीचे चार भाग सांगितले होते: आधी सुरुवात, मग वाढ, मग तेन, मग शेवट. चार म्हटल्यावर काकूंना पटलंच. काडीवर गोळे किती असतात? चारच की!

पण तिसरं प्रकरण उघडलं आणि नेमका पाक सांडला. पानं अशी चिकटली की सुटता सुटेनात. वर फक्त एका चित्राक्षराचा मथळा दिसत होता: तेन. हे अक्षर काकूंच्या ओळखीचं होतं. पायऱ्या ओल्या असल्या की देवळाच्या पाटीवर हेच अक्षर लिहितात, पडू नका म्हणून.

"अस्सं!" काकू म्हणाल्या. "तिसऱ्या भागात कुणीतरी पडायला हवं."

मग काय, पडू लागले लोक. पडापडीच्या पहिल्या गोष्टीत पोस्टमन तळ्यात पडला. दुसऱ्या गोष्टीत नवरी जिन्यावरून घसरली, ती थेट सासऱ्याच्या मांडीवर. तिसऱ्या गोष्टीत पुजारीबुवा घंटेसकट कोसळले. मंडळ पोट धरधरून हसे. न्हावी तोकुजी तर काकू कागद काढायच्या आधीच विचारी, "काय काकू, आज कोण पडणार?"

"धीर धर. तुझीही पाळी येईल," काकू म्हणत.

शरद ऋतू आला. कथावाचनासाठी नव्या लेखकांमधून काकूंचं नाव लागलं. आता एवढं मंचावर जायचं, तर तेन पक्कं समजून घ्यावं म्हणून त्यांनी पुस्तक दांगोच्या वाफेवर धरलं. पानं हलकेच सुटली. आत लिहिलं होतं: 'तेन म्हणजे वळण. वाचक एकीकडे बघत असताना गोष्टीनं दुसरीकडे वळावं.' पडण्याबिडण्याचं नावच नव्हतं!

काकूंचा चेहरा लाल झाला. एप्रन न सोडताच त्या कुरामोतोबाईंकडे गेल्या.

"बाई, तुम्हाला माहीत होतं?"

"पोस्टमनपासून."

"मग बोलला का नाहीत?"

"कसं बोलू? पुढच्या खेपेला कोण पडतंय ते मला बघायचं होतं!"

"मी नाही वाचणार. सगळं गाव हसेल."

"गाव तर हसायलाच येणार आहे, काकू. सगळे कुणीतरी पडायचीच वाट बघत बसलेत."

काकू दारातच थांबल्या. सगळे एकीकडे बघत बसलेत... "बाई, येते मी," म्हणून त्या लगबगीनं घरी गेल्या.

वाचनाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. काकूंच्या गोष्टीत फुमी नावाची म्हातारी दांगोचं ताट घेऊन देवळाच्या पायऱ्या उतरत होती. खाली तिची बहीण राहायची. एका किमोनोवरून दोघींची बोलाचाल बंद झालेली. पायऱ्या ओल्या. त्यावर शेवाळ. चपलेचा बंद सैल. तोकुजी शेजाऱ्याच्या कानात म्हणाला, "आता बघ हं!" फुमीचा पाय सरकला. सभागृहानं श्वास रोखला.

आणि फुमी पडलीच नाही. सावरली, खाली पोचली. समोर बहीण उभी, अनवाणी, धापा टाकत.

"खिडकीतून बघत होते," बहीण म्हणाली. "पडशील म्हणून धावले, तर तू धड उभी! आता मी परत कोणत्या तोंडानं जाऊ?"

"जाऊ नकोस," फुमी म्हणाली. "दांगो गार होतायत."

मग असा हशा उठला, अशा टाळ्या पडल्या, की कुरामोतोबाईंना चष्मा काढून पुसावा लागला.

काकू नमस्काराला वाकल्या आणि मंचाच्या पायरीकडे वळल्या. तेवढ्यात तोकुजी दोन्ही हात पसरून धावत आला.

"काय रे, मला पडताना बघायला आलास?"

"झेलायला आलो होतो, काकू!"

"मग ये, धर," म्हणून काकूंनी हात पुढे केला आणि पायरीवरून छोटीशी उडी मारून त्या खाली उतरल्या.