मेश्राम स्टोअरची पाटी

टोरोंटोतली बँकेची नोकरी सोडून उत्तरा मेश्रामने आठ तास उत्तरेला, खाणीच्या एका गावात किराणा दुकान टाकलं, तेव्हा सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं. तिनं ठसक्यात निळी पाटी लावली: मेश्राम स्टोअर. गावातली वीसेक मराठी घरं आडनावावरून जात ओळखणारी. डाळ-तांदूळ न्यायची, पण तिच्या हातच्या लोणच्याला शिवायची नाहीत. ते लोणचं संपवलं खाणीतल्या गोऱ्या कामगारांनी.

एकदा शेजारचे जनार्दनकाका हळूच म्हणाले, "उत्तरा, पाटीवर 'अन्नपूर्णा' लिही ना. आडनाव बघून आपल्या लोकांना उगाच प्रश्न पडतात."

"कोणते प्रश्न, काका? विचारा की तोंडावर!"

काका डाळीची पिशवी उचलून बाहेरच्या बर्फात चालते झाले.

दुसऱ्या दिवशी तिनं पाटी उतरवली. पोरगी शहाणी झाली, असं काकांना वाटलं. संध्याकाळी पाटी परत चढली, तेव्हा आडनावाची अक्षरं दुप्पट मोठी होती.

दोन वर्षांत धंदा बसला. पुढं ती टाऊन कौन्सिलच्या निवडणुकीला उभी राहिली. इथं उमेदवाराच्या नावाचे फलक अंगणात रोवतात. तिनं जुन्या पाटीवरचं 'स्टोअर' तेवढं खरवडलं आणि तीच घरासमोरच्या बर्फात ठोकली. खाणकामगारांनी तिला निवडून दिलं.

पहिल्या सभेआधी क्लार्कनं विचारलं, "टेबलावरच्या पट्टीवर नुसतं 'उत्तरा' लिहू? उच्चारायला सोपं जाईल."

"मेश्राम लिहा," ती म्हणाली. "जागा कमी पडली, तर उत्तरा गाळा."