माउंट नेबोची नर्सबाई

लुव्हिनिया टारप्लीने जन्मात नर्सिंगचं पुस्तक उघडून पाहिलं नव्हतं, तरी माउंट नेबो बॅप्टिस्ट चर्चची नर्स तीच. आठवडाभर ती शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांसाठी मक्याच्या पावाची घमेली भाजायची, आणि रविवार उजाडला की डोक्यावर पांढरी टोपी, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा गणवेश, हातात पांढरे मोजे घालून चर्चच्या मधल्या वाटेवर उभी राहायची. आधी हे काम तिच्या आईकडे होतं. आई गेली त्याच्या पुढच्याच रविवारी लुव्हिनियाने तो गणवेश आपल्या मापाचा करून चढवला. तिला कोणी नेमलं नाही, पण नको म्हणायची तरी कोणाची छाती होती?

काम सांगायला सोपं. गाणं रंगात आलं, पियानोवाल्याने सूर चढवला, की बायांवर देवाचा पवित्र आत्मा उतरायचा. कोणी नाचायची, कोणी हमसून रडायची, आणि एखादी उभी होती तशी मागे कोसळायची. कोसळणारीला वरच्यावर झेलायचं, चष्मा काढून ठेवायचा, तिला अलगद निजवायचं, गुडघ्यांवर चादर घालायची, वारा घालत बसायचं आणि भानावर आली की पाणी द्यायचं. एवढंच. पण लुव्हिनियाचा हात असा बसलेला होता, की इतक्या वर्षांत माउंट नेबोत एकीचंही डोकं बाकावर आपटलं नाही.

सगळ्यांत बिनघोर पडायची ती ओझेला क्रेनशॉ. ओझेला म्हणजे लुव्हिनियाची शाळेपासूनची मैत्रीण. अंगाने भरभक्कम, आवाज त्याहून भरभक्कम. तिच्यावर आत्मा उतरला नाही असा रविवार माउंट नेबोला माहीत नव्हता. लोक चावटपणे म्हणायचे, ओझेलाची हॅट नवी असली की आत्मा जरा उशिरा येतो, सगळ्यांची हॅट बघून होऊ देतो. लुव्हिनियाही तिला सोडायची नाही. एकदा कंबर चोळत ती म्हणाली, "ओझेला, देवाला सांग, तुझ्यावर आत्मा उतरवायचा तर आधी मला दुसरी कंबर दे."

ओझेला हसली नाही. "तुझ्यावर कधी उतरलाच नाही, तुला काय कळणार," म्हणाली.

हे बोलणं लुव्हिनियाला लागलं. कारण गावात बाया मागून हेच बोलायच्या. सगळ्यांना झेलते, पण स्वतः कोरडी ठणठणीत. अहो, पण ती पडणार कधी? नजर सतत दुसऱ्यांच्या गुडघ्यांवर, कोणाचे लटपटतात ते बघत. तिच्यावर उतरायला आत्म्याला सवड तरी मिळायला हवी ना.

त्या वर्षी कापसाची बोंडं फुटायच्या सुमारास बर्मिंगहॅमहून डॉक्टर कॅमिल बोल्डन आली. पोरगीच म्हणायची, तिशीतली, आपल्यासारखीच काळी. तिची आजी इथल्याच मातीतली. काळ्या बायांना प्रेशर एवढं का असतं आणि एवढ्या लवकर का लागतं, याचं तिला संशोधन करायचं होतं. प्रार्थना संपल्यावर मागच्या हॉलमध्ये तळलेला मासा आणि गोड चहा चालू असताना पाद्रीसाहेबांनी तिला उभं केलं.

पोरीने पहिलाच प्रश्न विचारला तो फसला. "तुमच्यापैकी किती जणींना हायपरटेन्शन आहे?"

एक हात वर गेला नाही. पोरगी चक्रावली. मग म्हाताऱ्या अर्नेटा, ज्यांना चर्चच्या रीतीने सगळे सिस्टर म्हणायचे, त्या तिची कीव येऊन म्हणाल्या, की बेटा, आम्ही देवाची माणसं, आम्ही टेन्शन घेतच नाही, त्याच्या पायाशी ठेवतो. प्रेशर विचारशील तर ते आहे, माझ्या आईलाही होतं. झालं, निम्म्या हॉलने हात वर केले. प्रेशर उतरावं म्हणून कोणी व्हिनेगर पिते, कोणी लसूण चावते, आणि एक बाई तर काकडीच्या लोणच्याचं खारं पाणी ग्लास भरभरून पीत होती. त्यातलं मीठ ऐकून डॉक्टरीण खुर्चीत बसली. पण पोरगी हुशार, त्या दिवसापासून तिने हायपरटेन्शन हा शब्द पुन्हा तोंडातून काढला नाही.

मग तिने मशीन दाखवलं. दंडाला पट्टा, कमरेला डबी. दिवसरात्र बांधून ठेवायचं, थोड्या थोड्या वेळाने ते आपलं आपण फुगतं आणि प्रेशर लिहून ठेवतं, तेवढा वेळ हात सरळ सोडून स्वस्थ राहायचं. स्वयंपाक करताना किती, भांडताना किती, झोपेत किती. हॉल गप्प झाला. डॉक्टर लोक येऊन फुकटात तपासतो म्हणाले की इथे माणसं गप्पच होतात. ओझेलाने काटा खाली ठेवला आणि सरळ विचारलं, की टस्कीगी इथून किती लांब आहे ते तुला माहीत आहे ना. तिथे सरकारी डॉक्टरांनी फुकट उपचाराच्या नावाखाली काळ्या माणसांचा आजार वर्षानुवर्षं नुसता बघत ठेवला होता, औषध दिलंच नव्हतं.

"माहीत आहे," कॅमिल म्हणाली. "माझ्या आजीने त्याच भीतीने आयुष्यात डॉक्टर पाहिला नाही. प्रेशरने गेली. तिचा दिवस कसा जातो, हे तिला कोणी कधी विचारलंच नव्हतं. मला तेवढंच विचारायचंय."

तेव्हा लुव्हिनिया उठली आणि म्हणाली, बाया मी आणते.

आणि आणल्या. लुव्हिनिया झेलते म्हणून पडणाऱ्या बाया, लुव्हिनियाने 'बांध' म्हटल्यावर मशीनही बांधायला लागल्या. काय एकेक मजा झाली. सिस्टर अर्नेटांचं मशीन बँकेच्या रांगेत फुगलं, तर बाई पिशवी खाली ठेवून, डोळे मिटून, हात सरळ सोडून उभ्या राहिल्या, आणि मागच्या माणसाला वाटलं ह्यांना काही झालं. एकीचा नवरा दिवसभर कधी नव्हे इतका गोड वागला, कारण त्याला वाटलं मशीनमध्ये आवाजही भरतो. ओझेलाने मात्र अट घातली. बांधीन, पण रविवारी. देवाच्या घरात माझं प्रेशर काय करतं ते मला बघू दे.

निकाल आला तेव्हा कॅमिल कागद उलटासुलटा करून बघत राहिली. ओझेलाचा आकडा सकाळपासून चढा. मुलीच्या मुलांना न्हाऊ घालताना चढा, जेवण रांधताना चढा, रात्री झोपेतही चढाच. फक्त दुपारच्या आधी एक वेळ अशी, की आकडा अलगद खाली उतरलेला. इथे थोरल्या बायांना अदबीने म्हणतात तसं मिस म्हणत तिने विचारलं, मिस ओझेला, ह्या वेळी तुम्ही काय करत होता? ओझेलाने थोडा विचार केला आणि म्हणाली, चर्चमध्ये जमिनीवर पडले होते, लुव्हिनिया वारा घालत होती. कॅमिल हसली, मग हसायची थांबली. एका बाईवरून काही ठरत नाही, असं म्हणाली, पण ती गोष्ट तिने मनात ठेवली.

सगळ्या बायांनी मशीन बांधलं, बांधलं नाही ते एका लुव्हिनियाने. कॅमिल मागे लागली, तर एकदा म्हणाली, शाळेत भट्टीपाशी असते, पट्टा जळेल. एकदा म्हणाली, गणवेशाच्या बाहीत मावत नाही. खरं कारण ती कोणाला सांगत नव्हती. तिची आई प्रेशरनेच गेली होती, चुलीपुढे उभ्या उभ्या. आणि गेले काही महिने लुव्हिनियाचं स्वतःचं डोकं मागून ठणकत होतं, वाकून उठलं की डोळ्यांपुढे काजवे चमकत. आपल्याला प्रेशर आहे हे तिला पक्कं माहीत होतं. पण ते कागदावर आलं, की नर्सच आजारी म्हणून गणवेश जाणार, असं तिने डोक्यात घेतलं होतं. तो नियम कुठे लिहिला होता? कुठेच नाही, तिचा तिनेच केलेला. आता अशा बाईला काय म्हणायचं? दुसऱ्या बाईच्या दंडाला पट्टा बांधताना हिचे डोळे मायेने भरून यायचे, आणि स्वतःच्या बाबतीत दगड. मला तर कधीकधी तिचा असा राग यायचा.

कॅमिलने एकदा तिला हॉलमध्ये गाठलं. म्हणाली, "मिस लुव्हिनिया, तुम्ही विसावा कधी घेता?"

"रविवारी, चर्चमध्ये," लुव्हिनिया म्हणाली. आणि तिला ते अगदी खरं वाटत होतं.

थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आदल्या रविवारी चर्च तुडुंब भरलं होतं. बाहेरगावी गेलेली लेकरं घरी आलेली, बाकांवर मांडीला मांडी. लुव्हिनिया पहाटेपासून शिजवत होती, सणाला आलेल्या भाचीच्या बाळाने रात्रभर जागवलं होतं, आणि डोकं असं ठणकत होतं की तिने मोज्याच्या हातानेच मान दाबून धरली होती. गाणं चढलं. पलीकडच्या बाकावरच्या दोन बाया उभ्या राहून डुलायला लागल्या. लुव्हिनिया त्यांच्या रोखाने निघाली, आणि मधल्या वाटेवरच तिचा पाय अडखळला. ती वळली, एक हात हवेत उचलल्यासारखा झाला, आणि ती पडली.

आणि सांगते, चर्च आनंदाने उसळलं. लुव्हिनियावर आत्मा उतरला. इतकी वर्षं सगळ्यांना झेलणारी, कोरडी म्हणवली गेलेली लुव्हिनिया, तिच्यावर आज उतरला. पाद्रीसाहेबांनी दोन्ही हात वर केले. पियानोवाल्याने लय दुप्पट केली. बाया रडायला लागल्या, एकमेकींना मिठ्या मारायला लागल्या. सिस्टर अर्नेटांनी तर तिच्या पायांवर चादरही घातली आणि देवाचे आभार मानत तिला तशीच पडू दिली. आत्मा उतरलेल्या माणसाला हात लावून मध्येच उठवायचं नाही, ही इथली रीत. लुव्हिनियानेच ती सगळ्यांना शिकवलेली.

ओझेला त्या वेळी उभीच होती, गाण्यात रंगलेली, आता पडणार अशी. ती पडली नाही. लुव्हिनियाकडे बघून तिचा चेहरा उतरला. बाकांमधल्या लोकांना ढकलत ती वाटेवर आली, गुडघ्यांवर बसली, लुव्हिनियाचा चेहरा दोन्ही हातांत धरला. तोंडाची एक बाजू खाली ओघळली होती.

ती पियानोवाल्याकडे वळली. "बंद कर ते," म्हणाली.

त्याला ऐकूच गेलं नाही, तो आणखी जोरात वाजवायला लागला. तेव्हा ओझेलाने तिचा तो आवाज लावला, जो आजवर फक्त देवासाठी लागायचा. "बंद कर म्हणते ना. हा आत्मा नव्हे. अँब्युलन्स बोलवा."

पियानो थांबला. एका क्षणासाठी लोकांना वाटलं, ओझेलाचं डोकं फिरलं, लुव्हिनियाचा मान तिला बघवत नाही. एक बाई तसं पुटपुटलीही. पण ओझेला हलली नाही. लुव्हिनियाला तिने उजव्या हाताने आपला हात दाबायला सांगितला, तो दाबला गेला नाही. एकाच वेळी कितीतरी फोन बाहेर निघाले. अँब्युलन्स येईपर्यंत ओझेला तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, आणि रडत होती, अगदी साधं, कोणीही रडतं तसं.

वेळेत नेलं म्हणून वाचली. बोलणं जड झालं होतं पण कळत होतं, उजवा हात अजून ऐकत नव्हता. येईल हळूहळू, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी बर्मिंगहॅमहून कॅमिल गाडी हाणत आली. आपण हिला आणखी आग्रह करायला हवा होता, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. लुव्हिनियाने तिला डाव्या हाताने जवळ बसवलं आणि गालावर थोपटलं.

जरा वेळाने कॅमिलने ओझेलाला विचारलं, की सगळ्या चर्चला आत्माच वाटला, पाद्रीसाहेबांनाही. मग तुम्हाला कसं कळलं?

ओझेला खिडकीपाशी बसली होती. तिची थट्टा करावी असं त्या दिवशी तिच्यात काही नव्हतं. "पोरी, मला लोक हसतात, मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "पण आत्मा खरंच येतो हं. येतो, आणि तरी माझ्या पाठीला माहीत असतं, की मागे लुव्हिनिया उभी आहे. ते माहीत असतं म्हणून तर मला सोडून देता येतं. ही पडली तेव्हा हिच्या मागे कोण होतं? कोणीच नाही. कधीच नव्हतं. आणि हे हिच्याइतकं कोणाला माहीत होतं? मागे कोणी नसताना आपणहून कुणी सोडून देत नाही, बाई. हिला पाडलं होतं."

लुव्हिनियाने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. तिचे खांदे हलत होते. किती वर्षांचं साठलेलं होतं कोण जाणे, बाई रडली ती रडलीच, आणि कॅमिलही तिच्याबरोबर रडली.

मग लुव्हिनियाने डोळे न पुसताच डावा हात पांघरुणाबाहेर काढला आणि डॉक्टरणीपुढे धरला. जड जिभेने म्हणाली, "घरी गेले की मलाही बांध. रात्रीचंही."

ओझेला उठली. तिने आपली खुर्ची ओढत आणली, पलंगाची उशाकडची बाजू भिंतीपासून जरा पुढे सरकवली, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत आपलं एवढं मोठं अंग कसंबसं कोंबून लुव्हिनियाच्या उशामागे बसली. दवाखान्याच्या नर्सने येऊन सांगितलं, की तिथे बसायची परवानगी नाही. ओझेला तिला हो म्हणाली आणि बसून राहिली.