शहादेवबापूंना हात न देण्याचा महिना

ऊसतोडीत एकट्या माणसाला कोयता म्हणत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटाच आला तर तो अर्धा. पालीच्या पुढं, धरणाचं पाणी दिसतं त्या टेकाडावरच्या कवडवाडीतले शहादेवबापू आणि वत्सलाबाई असे बत्तीस सालं एक कोयता होते. बापू तोडायचे, वत्सलाबाई मोळ्या बांधायच्या. गाडी भरायची वेळ झाली की बापू डोक्यावर चुंबळ ठेवून एक गुडघा भुईला टेकायचे. मोळी डोक्यावर बसली की वत्सलाबाई त्यांच्या कोपराखाली हात घालायच्या आणि म्हणायच्या, "हं!" त्या एका हुंकारावर गडी उभा राहायचा आणि डुगडुगत्या फळीवरून सरसर वर चढायचा.

एकदा मुकादम गमतीनं म्हणाला, "शहादेव, तुझी बायको दोन दिवस दुसऱ्या कोयत्यावर देतो का? त्यांची बाई आजारी हाय."

बापू म्हणाले, "न्या की. पण मलाबी न्यावं लागंल. त्यो हात माझ्या कोपराशिवाय चालत न्हाई." सगळा फड हसला. वत्सलाबाईंनी मात्र दोन दिवस बापूंच्या भाकरीला जास्तीची चटणी दिली.

आता बापू सत्तरीला टेकलेत. तोड सुटून आठ वर्षं झाली. यंदा श्रावणात ते अंगणात हौदाजवळच्या शेवाळलेल्या फरशीवर घसरले. वत्सलाबाई धावल्या, कोपराखाली हात घातला, "हं!" म्हणाल्या. बापू उठले नाहीत. शेजारचा सुग्रीव रानातून येईस्तोवर दोघं तशीच चिखलात बसून होती. हाड काही मोडलं नाही, पण भीती गुडघ्यात जाऊन बसली. बापू बाजेवरून हलेनात. आणि हलायला लागले की ढुंगण उचलायच्या आधीच वत्सलाबाईंचा हात कोपराखाली हजर.

दसऱ्याच्या दिवशी चुलीपाशी, बापूंना ऐकू जाणार नाही असा, अजिनाथनं विषय काढला. लेक आणि सून आता तोडीला जातात.

"माय, दिवाळी झाली की आमी निघणार. आबा पुना पडले तर तू एकली काय करशील? आबांना परळीला ताईकडं ठेवू. तिच्याकडं एकाचीच सोय हाय. तू आमच्यासंगं फडावर चल, कोपीत बसून आमच्या बारक्याला सांभाळ."

वत्सलाबाईंच्या तव्यावरची भाकरी करपली. "म्हंजी कोयता फोडतोस व्हय रे?"

अजिनाथ खाली बघत म्हणाला, "आबा भुईवरून आपले आपण उठाय लागले, तर मग माझं काय म्हणणं न्हाई."

गावात मारुतीच्या मंडपात आशा सेविका सुनितानं साठीच्या पुढच्यांचा व्यायाम सुरू केला होता. सकाळी आठला या, तासभर हातपाय हलवा, गप्पा मारा, चहा प्या आणि जा. पहिल्या आठवड्यात कुणी फिरकलं नाही. जन्मभर रानात राबलेल्या माणसांना रिकामे हात वर-खाली करायची लाज वाटायची. मग एकेक जण यायला लागला, पण रुक्मिणीबाई सुपात तूर घेऊन यायच्या; कुणी रस्त्यानं जाताना दिसलं की हात हलवायचं सोडून तूर पाखडायला लागायच्या. सुग्रीव सगळ्यात मागं उभा राहून म्हणायचा, "सुनिता, एवढे हात हलवले असते तर कुणाचं तरी खळं झालं असतं."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वत्सलाबाई बापूंना धरून मंडपात घेऊन आल्या.

"आला का बे शाद्या!" सुग्रीव ओरडला. "मला वाटलं बाजंला मुळ्या फुटल्या तुला."

बापू खुर्चीवर बसले. सुनिता म्हणाली, "मामा, हळूच उठा." बापूंनी जरा जोर केला आणि वत्सलाबाईंचा हात गेला. "पुन्हा." पुन्हा हात गेला. चार वेळा असंच झालं. वत्सलाबाईंना स्वतःलाच कळत नव्हतं.

चहाच्या वेळी सुनितानं त्यांना बाजूला घेतलं. "आत्या, रागावू नका. मामांच्या पायात जोर हाय. पण तुमचा हात त्याला बाहेर येऊच देत न्हाई. आता महिनाभर हात द्यायचा न्हाई. जवळ थांबा, पडायला लागले तर धरा. न्हाईतर न्हाई."



त्या दिवसापासून त्यांनी हात देणं बंद केलं. कारण सांगितलं असतं तर बापू म्हणाले असते, जाऊ दे, मला जमत न्हाई. म्हणून सांगितलंही नाही. बापू बाजेच्या काठावर दहा-दहा मिनिटं धडपडायचे. वत्सलाबाई दोन हात लांब उभ्या राहून ज्वारी निवडायच्या, आणि निवडलेले खडे पुन्हा ज्वारीतच टाकायच्या. ध्यान कुठं होतं! बापू तिसऱ्या दिवशी बाजेवरून एकटे उठले, पण रुसले. बोलणं बंद. मंडपात मात्र रोज जायचे, सुग्रीवला गाऱ्हाणं सांगायला. "म्हातारीचा जीव उडला माझ्यावरनं. हात लावीना."

"मग माझ्या घरी ये ऱ्हायला," सुग्रीव म्हणाला. "माझीनं तर तीस सालात लावला न्हाई."

बाजेवरून जमलं, खुर्चीवरून जमलं, भुईवरून काही जमेना. दिवाळी चार दिवसांवर आली. शेवटी एका संध्याकाळी पडवीत बापूंनी तोंड उघडलं.

"कावून हात देईनास? काय चुकलं माझं?"

वत्सलाबाईंचा बांध फुटला. "दिला तर तुमी परळीला जाताल."

मग त्यांनी सगळं सांगितलं. बापूंची नजर कोनाड्याकडं गेली. मग म्हणाले, "तिथं वीजकेंद्राची राख तारंवरच्या धोतरावर बी बसती. आन् चहा ताई लई गोड करती." आणि विचारलं, "चुंबळ कुठं हाय?"

चुंबळ कोनाड्यातच होती, वत्सलाबाईंच्या जुन्या लुगड्याची. बापूंनी ती डोक्यावर ठेवली.

निघायच्या सकाळी अंगणात ट्रॅक्टर उभा होता. भांडी, अंथरुणं, कोयते चढले होते. अजिनाथनं बापूंची पिशवीही भरून ठेवली होती. बापू पडवीतून आले, हौदापासून लांब, कोरड्या भुईवर बसले. डोक्यावर चुंबळ. सून हसू दाबत तोंड फिरवून उभी राहिली.

"आबा, ऱ्हाऊ द्या," अजिनाथ म्हणाला.

"तू गप."

बापू कुशीवर वळले, हात टेकले, एक गुडघा भुईला लावला, दुसरा पाय पुढं रोवला. जोर केला. थरथरून पुन्हा गुडघ्यावर आले. वत्सलाबाईंचा हात पुढं गेला होता. त्यांनी तो मागं घेतला आणि पडवीचा खांब घट्ट धरला.

बापूंनी मान न वळवता विचारलं, "हायस का?"

"हाय. हं!"

आणि बापू उठले. मोळी नव्हती, फळी नव्हती, पण मान तशीच ताठ, चुंबळ पडू नये म्हणून.

अजिनाथनं ट्रॉलीवरची पिशवी काढली, घरात नेऊन खुंटीला अडकवली आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा सुग्रीवला एवढंच म्हणाला, "काका, सांज-सकाळ एक चक्कर मारीत जा."

"मारतो की. पण तुझा बापच माझ्या दारात येईल बघ, गाऱ्हाणं घेऊन."

ट्रॅक्टर उताराला लागला. तो दिसेनासा होईस्तोवर वत्सलाबाई उंबऱ्यावर बसून होत्या. बापू समोर येऊन उभे राहिले आणि हात पुढं केला.

"उठ. आठ वाजत आले. सुनिता वाट बघंल."

"मला उठता येतं."

"ठावं हाय. तरी धर."